मुद्राराक्षस आणि जास्तीचा 'आर'

पेशंटने आपल्या मनोविश्लेषकाला पाठवलेला मेल लेखात जसाच्या तसा दिला होता. त्यात 'फादर'च्या स्पेलिंगमध्ये 'ए'नंतर एक 'आर' जास्तीचा पडलेला. मी तो काढून टाकला. ट्रॅक चेंजेस बंद ठेवून काढला, कारण साध्या स्पेलिंगच्या चुका मुकाट दुरुस्त करायच्या, त्यासाठी लेखकाला सतवायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. लेख संध्याकाळपर्यंत जायचा होता, म्हणून त्याचा उत्तरार्ध शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे दिलेला. मी माझी चौदा पानं संपवली आणि चहाला गेले.

उत्तरार्धात काय होतं ते आठवड्याने कळलं. वडील लहानपणी घर सोडून गेलेले, आणि त्या जास्तीच्या 'आर'मुळे 'वडील' या शब्दाचा 'आणखी लांब' झालेला. इंग्रजांच्या उच्चारात हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. वर्षभर समोरासमोर बोलताना जे ऐकू आलं नव्हतं ते एका मेलमध्ये नजरेला पडलं, आणि लेखिकेने पुढची सहा पानं त्या अक्षरावर उभी केली. ती सहा पानं आता हवेत तरंगत होती. प्रूफवर तिची टीप आली, अगदी सभ्य भाषेत: पेशंटची चूक कृपा करून पेशंटला परत करा.

चूक परत केली. पण आमच्या कंपनीत (नाव सांगत नाही, अशा कंपन्या पुण्यात बऱ्याच आहेत) एवढ्यावर भागत नाही. मुळात नसलेली चूक संपादकाने आत घालणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्याला 'इंट्रोड्यूस्ड एरर' म्हणतात आणि त्यासाठी 'रूट कॉज अ‍ॅनॅलिसिस'चा फॉर्म भरावा लागतो. चुकीच्या मुळाशी काय आहे, ते खाली सोडलेल्या तीन पर्यायांतून निवडा: ज्ञानाचा अभाव, लक्ष नसणे, यंत्रणेतला दोष. मनोविश्लेषणाचा लेख बाजूच्या खिडकीत उघडा आणि इकडे माझ्या मनाचा तळ तीन पर्यायांत शोधायचा! मी 'लक्ष नसणे'वर टिचकी मारली. खरं तर लक्ष होतं म्हणूनच तो 'आर' दिसला होता.

मी २००९ साली या कामाला लागले. हडपसरच्या बाजूला एका आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरून बघणाऱ्याला कॉल सेंटर वाटावं. आत शंभरेक माणसं गप्प बसून इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रकाशकांची जर्नल्स पानापानाने पुढे सरकवत असायची. लेखक तिकडचे, वाचक तिकडचे, स्वल्पविराम मात्र इकडचे. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. सुरुवातीला दातांवरचे आणि काँक्रीटवरचे लेख केले. काँक्रीट मला आवडायचं, त्यात कुणी रडत नाही. मग 'तुझं साहित्य आहे ना, मग हे तूच घे' म्हणून टीम लीडने मनोविश्लेषणाचं जर्नल माझ्या गळ्यात मारलं. ते कुणालाच नको होतं. तासाला आठ पानांचं टार्गेट, आणि या लेखांत चारसुद्धा सरकत नसत. वाक्य परिच्छेदाच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरायचं, आणि प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. 'कॅथेक्सिस' या शब्दाला संगणकाने सुचवलेला पर्याय लघवीच्या नळीचा होता.

जास्तीच्या 'आर'ची गोष्ट मी मामाला सांगितली. मामा जन्मभर मुद्रितशोधक. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळ्यांच्या काळात लागला आणि ऑफसेट येऊन जुना झाल्यावर निवृत्त झाला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मूळ प्रतीत काय होतं?" म्हटलं, मूळ प्रतीत चूकच होती. "मग ती चूक कुणाची, ते विचारलंस का?" मी गप्प. मामा म्हणाला, "अगं, आमच्या वेळी बरं होतं. काही झालं की मुद्राराक्षसावर ढकलायचं. राक्षसाला कुणी फॉर्म भरायला लावत नाही."

मराठी छापखान्यांतल्या या राक्षसाचं मला लहानपणापासून कौतुक आहे. विशाखदत्ताच्या नाटकातला राक्षस हा नंदांचा अमात्य आणि मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. छपाईशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मुद्रण आलं आणि शब्दात मुद्रा होतीच, तेव्हा चुकांचं खापर फोडायला आपल्याला आयताच धनी मिळाला. 'मुद्राराक्षसाच्या कृपेने' असं लिहिलं की कंपोझिटर सुटला, मुद्रितशोधक सुटला, संपादकही सुटला. इतकी सोयीस्कर व्यवस्था दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं वाटत नाही.

फ्रॉइडने हा राक्षसच काढून घेतला. दैनंदिन जीवनातल्या चुकांवरचं त्याचं लेखन १९०१मध्ये नियतकालिकात आलं, १९०४मध्ये त्याचं पुस्तक झालं. बोलताना जीभ घसरणं, नाव न आठवणं, वस्तू कुठेतरी ठेवून विसरणं यांच्या रांगेत त्याने छपाईच्या चुकाही बसवल्या आहेत. एका समाजवादी वर्तमानपत्रात युवराजांचा म्हणजे 'क्रोनप्रिन्झ'चा 'कोर्नप्रिन्झ' छापला गेला, धान्यराज म्हणा ना. दुसऱ्या दिवशी पत्राने दिलगिरी व्यक्त केली आणि दुरुस्ती छापली: 'क्नोरप्रिन्झ'. १६३१च्या त्या कुप्रसिद्ध बायबलचाही उल्लेख पुस्तकात आहे, ज्यात 'व्यभिचार करू नकोस'मधला नकार गळाला होता. पण माझ्या जिवाला लागलं ते त्याने स्वतःच्या पुस्तकाबद्दल लिहिलेलं.

स्वप्नांवरच्या ग्रंथात फ्रॉइड वडिलांची एक आठवण सांगतो. तरुणपणी रस्त्यात एका ख्रिस्ती माणसाने त्यांची टोपी चिखलात उडवली, आणि वडिलांनी काय केलं? खाली उतरून टोपी उचलली. मुलाला हे फार लागलं. त्यापेक्षा हॅनिबालचे वडील किती बरे, ज्यांनी पोराकडून रोमनांचा सूड घेण्याची शपथ घेववली! आणि नेमकं इथेच, वडिलांच्या नावाच्या जागी फ्रॉइडने हासद्रुबाल लिहिलं. हासद्रुबाल हा हॅनिबालचा भाऊ. वडील हामिलकार. ज्याला हा इतिहास तोंडपाठ होता त्याने हे लिहिलं, आणि तीन वेळा प्रूफं वाचून तिन्ही वेळा त्याच्या नजरेतून ते सुटलं. नंतर त्याने स्वतःच कबुली दिली: मोठा सावत्रभाऊ जवळजवळ आईच्याच वयाचा होता, आपण त्याचा मुलगा असतो तर बरं झालं असतं असं वाटायचं, म्हणून बापाच्या खुर्चीत भाऊ येऊन बसला.

तीन प्रूफं! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले, आणि मला एकदम हलकं वाटलं. पुढच्या आवृत्तीत त्याने नाव दुरुस्त केलं, पण खाली टीप घातली की पहिल्या आवृत्तीत इथे अमुक चूक होती, तिचा उलगडा दुसऱ्या पुस्तकात केला आहे. म्हणजे दुरुस्तीही केली आणि चूकही जपून ठेवली. मामाला सांगितलं तर म्हणाला, "असा लेखक मिळाला असता तर आमची नोकरीच गेली असती."

स्वप्नांवरच्या त्याच ग्रंथाने मला साल लिहायला शिकवलं. पुस्तक बाजारात आलं नोव्हेंबर १८९९मध्ये. प्रकाशकाने मुखपृष्ठावर १९०० घातलं. संदर्भसूचीत १९०० लिहायचं, आणि तेही नुसतं नाही, १९००च्या पुढे 'ए' हे अक्षर लावून. फ्रॉइडच्या लेखनाला अशी सालवार अक्षरं ठरलेली आहेत. १९१५ साली नेणिवेवरचा निबंध 'ई', दमनावरचा 'डी', त्याआधीचा सहजप्रेरणांवरचा 'सी'. लेखकाने नुसतं १९१५ लिहिलं तर विचारायचं: कुठला? स्वप्नांवरच्या त्या पुस्तकाच्या पहिल्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली होती, हे मी टार्गेट चुकलेल्या दिवशी मुद्दाम आठवते.

संदर्भसूची हे काम बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं. मला त्यातूनच या शास्त्राचा इतिहास कळला, आणि तो प्रकाशनस्थळाच्या रकान्यातून कळला. १९१९मध्ये व्हिएन्नात मनोविश्लेषणाची स्वतःची प्रकाशनसंस्था निघाली, बुडापेस्टच्या एका मद्यनिर्मात्याच्या पैशावर. जर्मन पुस्तकांच्या नोंदींत मग लाइप्झिग, व्हिएन्ना, झुरिक अशी गावं येत राहतात. १९३८ला येऊन ही रांग तुटते. नाझी व्हिएन्नात शिरले, संस्था गुंडाळली गेली. मोझेसवरचं फ्रॉइडचं शेवटचं पुस्तक १९३९मध्ये जर्मनमध्ये निघालं, पण स्थळ अ‍ॅम्स्टरडॅम. १९४०पासूनचे जर्मन समग्र खंड, आणि स्थळ लंडन. एका नवख्या मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, भाषा जर्मन आणि गाव लंडन, ही चूक असणार ना?" नोंद बरोबर होती. तिला म्हटलं, ही चूक आहे खरी, पण आपल्या दुरुस्त करण्यातली नाही.

दुसरी एक नोंद तर घरचीच निघाली. एका लेखकाने कलकत्त्याच्या जर्नलचा संदर्भ दिलेला. १९२२मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, आणि १९४७मध्ये संस्थेचं जर्नल सुरू झालं, नाव 'समीक्षा'. आमचं सॉफ्टवेअर रोमन लिपीतलं ते नाव ओळखेना; त्याने लाल करून ठेवलं आणि जवळचं म्हणून सीस्मॉलॉजीचं, म्हणजे भूकंपांचं एक जर्नल सुचवलं. पूर्ण मजल्यावर तो शब्द सहज वाचू शकणारी माणसं डझनांनी बसली होती, आणि यंत्र मात्र भूकंपावर अडून होतं.

याच यंत्राला जुन्या संदर्भांचंही वावडं. दहा वर्षांहून जुना संदर्भ दिसला की ते विचारतं, नवीन काही नाही का? मनोविश्लेषणाच्या लेखात मेलनी क्लाइन १९४६, विनिकॉट १९५३, बियॉन १९५९ हे सख्ख्या शेजाऱ्यांसारखे येतात. ज्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'वर जर्नलची पत ठरते तो मोजतो मागच्या दोन वर्षांच्या लेखांचे दाखले. शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधाशी रोज भांडणाऱ्या शास्त्राचं मोजमाप या गजाने व्हायचं म्हणजे पंचांगावरून लोकलचं वेळापत्रक बघण्यातला प्रकार. पण प्राध्यापकांच्या बढत्या त्यावर अडतात, त्यामुळे तेही बिचारे सूचीत दोन-चार ताजी नावं पेरतात. कुठली पेरलेली आणि कुठली उगवलेली, ते आम्हाला लगेच कळतं.

शब्दांचं सांगायला हवं. इंग्रजीतला फ्रॉइड म्हणजे मुख्यतः जेम्स स्ट्रेची. त्याच्या संपादनाखालचे चोवीस खंड १९५३ ते १९७४ या काळात लंडनच्या होगार्थ प्रेसने काढले; लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फने घरात सुरू केलेला तो छापखाना. जर्मनमध्ये फ्रॉइड साधं 'मी' म्हणतो, साधं 'ते' म्हणतो. इंग्रजीत त्याचं लॅटिन झालं, 'इगो' आणि 'इड'. ज्या शब्दावर माझा संगणक अडखळला तो 'कॅथेक्सिस' स्ट्रेचीने ग्रीकमधून घडवला. मूळ जर्मन शब्द जागा भरण्याचा, सैन्याने गाव व्यापण्याचा, रोजच्या वापरातला आहे. आपणही तेच केलं. पाठ्यपुस्तकात 'अहम्', 'इदम्', 'पराहम्', म्हणजे त्यांचं लॅटिन तसं आपलं संस्कृत. आणि हरिपाठापासून कानावर पडलेला 'नेणीव' हा शब्द दारात उभा असताना आत बसवलं 'अबोध मन'. मार्क सोल्म्सने सुधारून काढलेले चोवीस खंड २०२४मध्ये आले. त्यात स्ट्रेचीने 'इन्स्टिंक्ट' केलेला शब्द आता 'ड्राइव्ह' झाला आहे. आमच्या स्टाइल शीटमध्ये त्यामुळे एक कलम वाढलं: लेखक कुठल्या आवृत्तीतून घेतोय ते बघा, अवतरणातला शब्द बदलू नका. या कलमाखाली मी मनातल्या मनात तो 'आर' लिहिला.

या सगळ्याहून अवघड भाग वेषांतराचा.

या शास्त्राचा पुरावा म्हणजे माणसं, आणि ती ओळखू येता कामा नयेत. ब्रॉयर आणि फ्रॉइडच्या १८९५च्या पुस्तकातली 'आना ओ.' म्हणजे बेर्था पापेनहाइम. आद्याक्षरं फक्त एकेक घर मागे सरकवलेली, 'बी'चं 'ए' आणि 'पी'चं 'ओ'. लहान मुलांच्या गुप्त भाषेइतकं सोपं. तरी नाव फुटलं १९५३मध्ये, तेही फ्रॉइडच्या चरित्रकाराने, अर्नेस्ट जोन्सने, फोडलं म्हणून. 'डोरा'ची हकिगत फ्रॉइडने १९०१च्या जानेवारीत लिहून काढली आणि १९०५पर्यंत दाबून ठेवली. निव्वळ तज्ज्ञांच्या नियतकालिकात दिली की बाहेरचं कुणी वाचणार नाही, हा त्याचा हिशेब. (उपचारांचं साल त्याने पुढे पुन्हा पुन्हा १८९९ लिहिलं. होतं १९००. याचा फॉर्म त्याने भरलेला नाही.) आज तो हिशेब चालत नाही. लेखाचा सारांश कुणालाही दिसतो, आणि आपल्या विश्लेषकाचं नाव सर्चमध्ये टाकत नाही असा पेशंट विरळा. ग्लेन गॅबर्डने २००० साली यावर लिहिलेला लेख आमच्याकडे येणाऱ्या सूच्यांत सारखा भेटतो: वेष बदलायचा की संमती घ्यायची? बदलावं तर पुरावा बिघडतो. संमती मागावी तर ती मागण्यानेच उपचारातलं नातं बदलतं.

माझ्याकडे आलेल्या एका लेखातला पेशंट आर्किटेक्ट होता. अकराव्या पानावर तो बोलताना डाव्या हाताच्या बोटांची घट्टे पडलेली टोकं चोळत राहतो, असं एक वाक्य. मी थबकले. आर्किटेक्टच्या बोटांना घट्टे, तेही फक्त डाव्या? माझ्या मावशीकडे व्हायोलिन होतं, ती टोकं मला माहीत होती. प्रश्न लिहिला: 'पान ११, हा तपशील पान २वरच्या व्यवसायाशी जुळतो का, कृपया पाहावे.' याहून जास्त लिहायचं नसतं. उत्तर आलं, 'धन्यवाद. तो गेल्या महिन्यातच आर्किटेक्ट झाला.' परीक्षकांनी ओळख आणखी लपवा म्हटल्यावर लेखकाने व्यवसाय बदलला होता आणि बोटं बदलायची राहिली होती.

बोटं बदलली. मग सोळावं पान निघालं. तिथे स्वप्न होतं, आणि स्वप्नात गज होता, तारा होत्या, अंधारात बसलेले श्रोते होते. ते आर्किटेक्टला पडणारं स्वप्न नव्हतं. लेखकाने आधी गजाची फूटपट्टी केली. स्वप्न मेलं. मग तारांचे खांब केले, आणि पुढचं सगळं विवेचन लंगडायला लागलं. दोन आठवडे फाइल आमच्यामध्ये हेलपाटे घालत होती. वेळापत्रकात लाल, टीम लीड रोज डोक्याशी उभा. शेवटी एका शुक्रवारी फाइल आली ती दीड पान लहान होऊन. स्वप्न काढून टाकलं होतं. लेख छापून आला, व्यवस्थित, चूक एकही नाही. माझ्या नावावर त्या महिन्यात शंभर टक्के अचूकता लागली.

हे लिहिताना मीही वेष बदलले आहेत. व्हायोलिन म्हणजे व्हायोलिन नव्हे, आणि तो 'आर'सुद्धा दुसऱ्याच एका अक्षराच्या जागी उभा आहे.

काम संपल्यावर सहा महिन्यांनी आमच्याकडच्या फाइली सर्व्हरवरून पुसल्या जातात, जुन्या प्रतींसकट. तेव्हा ते स्वप्न आता तिघांकडे असेल: ज्याला पडलं त्याच्याकडे, ज्याने ऐकलं त्याच्याकडे, आणि हडपसरला ज्या बाईने त्यातला एक स्वल्पविराम हलवला होता तिच्याकडे.